लुईस रचना काढताना हात मोजावेत की इलेक्ट्रॉन? (निमित्त : कार्बन मोनॉक्साइड)

खडूफळा

अकरावीला रसायनशास्त्रात लुईस रचना, म्हणजे रेणूतील बंध रेघांनी आणि मोकळे इलेक्ट्रॉन ठिपक्यांनी दाखवणारी आकृती, शिकवताना दरवर्षी एका ठरावीक जागी वर्ग अडतो. त्या जागेविषयी येथील जाणकारांशी सविस्तर चर्चा व्हावी, म्हणून हा धागा काढत आहे. दहावीपर्यंत मुलांच्या मनात रासायनिक बंधाचे एक चित्र पक्के बसलेले असते. हायड्रोजनला एक हात, ऑक्सिजनला दोन, नायट्रोजनला तीन आणि कार्बनला चार. प्रत्येकाने आपले सगळे हात दुसऱ्याच्या हातात दिले की रेणू तयार झाला. पाणी, अमोनिया, मिथेन, इथिलीन, कार्बन डायऑक्साइड येथपर्यंत हे चित्र इतके चोख चालते की त्याच्याविषयी शंका घेण्याचे मुलांना कारणच उरत नाही.

मग कार्बन मोनॉक्साइड येतो. ऑक्सिजनचे दोन हात कार्बनच्या दोन हातांत जातात, कार्बनचे दोन हात रिकामे राहतात. बहुतेक मुले दुहेरी बंध काढतात, ऑक्सिजनवर इलेक्ट्रॉनांच्या दोन मोकळ्या जोड्या मांडतात आणि कार्बनच्या उरलेल्या दोन हातांच्या जागी दोन ठिपके देऊन मोकळी होतात. पुस्तकात मात्र तिहेरी बंध असतो, आणि त्याहून अवघड म्हणजे कार्बनवर ऋण व ऑक्सिजनवर धन प्रभार लिहिलेला असतो. ऑक्सिजन इलेक्ट्रॉनांना अधिक ओढतो असे आदल्याच आठवड्यात शिकवलेले असते, त्यामुळे तो धन कसा, या प्रश्नावर वर्गात गोंधळ होतो. ‘अपवाद म्हणून पाठ करा’ हे उत्तर मला देववत नाही, कारण तो अपवाद नाही असे माझे ठाम मत आहे. हातांची कल्पना सोडून इलेक्ट्रॉनांच्या हिशेबावर मुलांना कसे आणावे, याविषयी आपण काय करता?

अणुरेणू

मॅडम, विषय काढलात ते फार बरे झाले. माझ्या मते गफलत पहिल्या पायरीवरच होते. हातांच्या पद्धतीत प्रत्येक अणूने किती बंध करायचे हे आधीच ठरलेले असते, तर लुईस रचनेत ते शेवटी कळते. सुरुवातीला ठरलेली गोष्ट एकच असते, ती म्हणजे संपूर्ण रेणूतील संयुजा इलेक्ट्रॉनांची (अणूंच्या सर्वांत बाहेरच्या कवचातील इलेक्ट्रॉनांची) एकूण संख्या. ही संख्या कागदाच्या कोपऱ्यात लिहून तिच्याभोवती चौकट केल्याशिवाय एकही रेघ मारू द्यायची नाही, असा नियम मी मुलांना घालून देतो. इलेक्ट्रॉन कोणत्या अणूने आणला हे एकदा बेरीज झाल्यावर विसरून जायचे. तो आता रेणूचा आहे.

नायट्रेट आयनावर हे चांगले दाखवता येते. नायट्रोजनचे ५, तीन ऑक्सिजनचे १८ आणि आयनावरील ऋण प्रभाराचा १, असे एकूण २४ इलेक्ट्रॉन होतात. नायट्रोजन मध्ये ठेवून तीन एकेरी बंध काढले की ६ संपतात आणि १८ उरतात. ते बाहेरच्या तिन्ही ऑक्सिजनवर सहा-सहा असे वाटले की तिघांची अष्टके (अणूभोवतीचे आठ-आठ इलेक्ट्रॉन) पूर्ण होतात, शिल्लक शून्य होते, आणि नायट्रोजनभोवती मात्र सहाच राहतात. येथे मुले नवीन इलेक्ट्रॉन आणतात, ही नेहमीची चूक आहे. नवीन काहीही आणायचे नाही. एका ऑक्सिजनवरची एक जोडी नायट्रोजनच्या बाजूला सरकवून त्या ठिकाणी दुहेरी बंध करायचा. एकूण २४ कायम राहतात. हीच सरकवासरकवी तीनपैकी कोणत्याही ऑक्सिजनवर करता येते, म्हणून तीन रेझोनन्स रचना (अणू त्याच जागी, फक्त इलेक्ट्रॉनांची मांडणी निराळी) मिळतात, आणि प्रत्यक्षात नायट्रेटमधले तिन्ही बंध सारख्याच लांबीचे आढळतात.

आता कार्बन मोनॉक्साइड घ्या. ४ आणि ६ मिळून १०. एका एकेरी बंधात २ गेले, ८ उरले. ऑक्सिजनला सहा दिले, कार्बनला दोन दिले. कार्बनभोवती झाले चार. ऑक्सिजनची एक जोडी सरकवली की सहा होतात, दुसरी सरकवली की आठ. रचना अशी दिसते :

:कार्बन≡ऑक्सिजन:

येथे ऑक्सिजनने तिसरा हात कोठून आणला हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण हात मोजलेच नव्हते.

घाईच्या परीक्षेसाठी एक आडवाटही आहे. प्रत्येक अणूला आठ आणि हायड्रोजनला दोन लागतात असे धरून एकूण गरज काढायची, तिच्यातून हाती असलेले इलेक्ट्रॉन वजा करायचे आणि दोनाने भागायचे. उत्तर म्हणजे बंधांची संख्या. कार्बन मोनॉक्साइडसाठी १६ वजा १०, म्हणजे ६, म्हणजे तीन बंध. नायट्रेटसाठी ३२ वजा २४, म्हणजे ८, म्हणजे चार बंध. मात्र ज्या रेणूत अष्टक पूर्णच होत नाही, तेथे ही वाट चुकीच्या गावाला नेते. बोरॉन ट्रायफ्लोराइडला ती चार बंध सांगते, पण चौथा बंध काढला तर फ्लोरीनवर धन प्रभार येतो. म्हणून पुस्तके तीन एकेरी बंध आणि बोरॉनभोवती सहाच इलेक्ट्रॉन दाखवतात. बोरॉनची ही उणीव कागदापुरती नाही. हा रेणू अमोनियाची मोकळी जोडी तत्परतेने स्वीकारतो, त्यामागे हेच कारण आहे.

निळीशाई

मी सध्या अकरावीत आहे आणि मला दोन शंका आहेत. पहिली शंका अशी की कार्बन मोनॉक्साइडमध्ये दुहेरी बंध, कार्बनवर एक जोडी आणि ऑक्सिजनवर दोन जोड्या काढल्या, तरीही एकूण १० इलेक्ट्रॉनच होतात. शिवाय त्या रचनेत दोन्ही अणूंवर फॉर्मल चार्ज (रचनेच्या हिशेबाने अणूवर येणारा प्रभार) शून्य येतो, आणि आम्हाला शिकवले आहे की फॉर्मल चार्ज जितका कमी तितकी रचना चांगली. मग तिहेरी बंधाची रचना चांगली का मानायची? दुसरी शंका नायट्रस ऑक्साइडची आहे. दोन नायट्रोजनच्या मध्ये ऑक्सिजन ठेवला तर आकृती सुबक दिसते, पण उत्तरात नायट्रोजन मध्ये असतो. मध्ये कोण बसणार, हे कसे ठरवायचे?

खडूफळा

तुझी पहिली शंका फार नेमकी आहे, त्यामुळे तिला सावकाश उत्तर देते. फॉर्मल चार्ज काढताना आपण असे धरतो की बंधातले इलेक्ट्रॉन दोन्ही अणूंनी अगदी निम्मे-निम्मे वाटून घेतले आहेत. अणूचे मूळ संयुजा इलेक्ट्रॉन घ्यायचे, त्यातून त्याच्यावरच्या मोकळ्या जोड्यांतले सगळे इलेक्ट्रॉन आणि बंधांतले निम्मे इलेक्ट्रॉन वजा करायचे. तिहेरी रचनेत कार्बनसाठी ४ वजा २ वजा ३, म्हणजे उणे १ येतो. ऑक्सिजनसाठी ६ वजा २ वजा ३, म्हणजे अधिक १. तुझ्या दुहेरी रचनेत दोन्हीकडे शून्य येतो, हे तुझे म्हणणे बरोबर आहे. पण त्या रचनेत कार्बनचे अष्टक अपुरे राहते. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन या मंडळींच्या बाबतीत अष्टक आधी पाहायचे आणि फॉर्मल चार्ज नंतर, हा क्रम लक्षात ठेव. अष्टक पूर्ण असलेल्या दोन-तीन रचना हाती असतील, तेव्हा त्यांच्यातून निवड करण्यासाठी फॉर्मल चार्ज वापरायचा असतो.

हा क्रम कोणी मनाने ठरवलेला नाही, त्याला मोजमापांचा आधार आहे. कार्बन मोनॉक्साइडमधील बंधाची लांबी सुमारे ११३ पिकोमीटर आहे. फॉर्माल्डिहाइडमध्ये खराखुरा कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध आहे आणि तो सुमारे १२१ पिकोमीटर लांब आहे. कार्बन मोनॉक्साइडचा बंध तोडायला मोलमागे सुमारे १०७२ किलोज्यूल ऊर्जा लागते. नायट्रोजन वायूचा तिहेरी बंध तोडायला लागणाऱ्या सुमारे ९४५ किलोज्यूलपेक्षाही ती जास्त आहे. इतका आखूड आणि इतका बळकट बंध दुहेरी म्हणून कसा खपवायचा?

नायट्रस ऑक्साइडसाठी एकूण ५, ५ आणि ६ मिळून १६ इलेक्ट्रॉन आहेत. मध्ये सहसा कमी विद्युतऋण, म्हणजे इलेक्ट्रॉनांना कमी ओढणारा, अणू बसतो. हायड्रोजन मात्र एकच बंध करत असल्याने कधीही मध्ये येत नाही. तू ऑक्सिजन मध्ये ठेवून दोन दुहेरी बंध काढ आणि स्वतः हिशेब कर : दोन्ही नायट्रोजनवर उणे १ आणि बिचाऱ्या ऑक्सिजनवर अधिक २ येईल. नायट्रोजन मध्ये ठेवला तर दोन चांगल्या रचना मिळतात. एकीत दोन नायट्रोजनांमध्ये तिहेरी बंध आणि ऑक्सिजनशी एकेरी बंध असतो, तेव्हा टोकाच्या नायट्रोजनवर शून्य, मधल्यावर अधिक १ आणि ऑक्सिजनवर उणे १ येतो. दुसरीत दोन्ही बंध दुहेरी असतात आणि उणे १ टोकाच्या नायट्रोजनकडे जातो. ऋण प्रभार ऑक्सिजनवर असणे अधिक स्वाभाविक, म्हणून पहिलीला झुकते माप मिळते. आकृती सममित दिसते म्हणून ती बरोबर, हा मोह लुईस रचनेत वारंवार फसवतो.

पाऊलवाट

ऑक्सिजनवरच्या धन प्रभाराविषयी थोडी भर घालतो. फॉर्मल चार्ज म्हणजे अणूवर प्रत्यक्ष मोजता येणारा प्रभार नव्हे, हे वर्गात पहिल्याच दिवशी सांगायला हवे. निम्म्या वाटणीचे ते गृहीतक आहे, आणि ऑक्सिजन प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक वाटा ओढून घेतो. कार्बन मोनॉक्साइडमध्ये या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध दिशेने काम करतात : रचनेनुसार कार्बन ऋण, विद्युतऋणतेनुसार ऑक्सिजन ऋण. परिणाम असा होतो की रेणूचा द्विध्रुव आघूर्ण (त्याची टोके किती धन-ऋण आहेत हे दाखवणारे माप) केवळ ०.११ डिबायच्या आसपास भरतो, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. त्यातही जो थोडासा शिल्लक राहतो, त्याचे ऋण टोक कार्बनकडे आहे. पाण्याचा १.८५ डिबाय डोळ्यांसमोर ठेवला की हा आकडा किती लहान आहे ते कळते. दुहेरी बंध आणि दोन्हीकडे शून्य प्रभार अशी रचना खरी असती, तर ऑक्सिजनच्या ओढीला विरोध करणारे काहीच नसते आणि हा रेणू चांगलाच ध्रुवीय निघाला असता.

कार्बनवरची ती मोकळी जोडी रसायनशास्त्रात फार महत्त्वाची आहे. कार्बन मोनॉक्साइड धातूंना पकडतो तो कार्बनच्या टोकाने. लुडविग मॉन्ड यांनी १८९० मध्ये निकेल कार्बोनिलचा शोध जाहीर केला. त्यात निकेलच्या एका अणूभोवती चार कार्बन मोनॉक्साइड असतात आणि चौघांचेही कार्बन निकेलकडे तोंड करून असतात. रक्तातील हिमोग्लोबिनच्या लोहालाही हा वायू कार्बनच्या टोकानेच चिकटतो आणि ऑक्सिजनची जागा अडवून बसतो. बंद खोलीत शेगडी पेटती ठेवून झोपणाऱ्यांचा जीव जातो, त्याच्या मुळाशी हे आहे. मुलांना हे सांगितले की कार्बनवरचे ते दोन ठिपके त्यांना निरर्थक वाटत नाहीत.

अणुरेणू

पाऊलवाट यांच्याशी पूर्ण सहमत आहे. थोडा इतिहास येथे जोडावासा वाटतो, कारण तिहेरी बंधाने खुद्द लुईस यांनाही अडवले होते. गिल्बर्ट न्यूटन लुईस यांनी १९०२ च्या सुमारास विद्यार्थ्यांना शिकवताना अणूंचे चित्र घनाच्या रूपात काढले होते. घनाच्या आठ कोपऱ्यांवर आठ इलेक्ट्रॉन. दोन घनांची एक कड जुळली की एकेरी बंध, एक पृष्ठ जुळले की दुहेरी बंध. पण दोन घन तीन जोड्या वाटून घेतील अशी मांडणीच करता येत नाही. १९१६ मध्ये त्यांचा प्रसिद्ध लेख आला, तेव्हा ते बर्कलीला होते. त्या लेखात त्यांनी घनांच्या जोडीने ठिपक्यांची पद्धत मांडली, आणि तिहेरी बंधाचे स्पष्टीकरण देण्यासाठी इलेक्ट्रॉनांच्या जोड्या चतुष्फलकाच्या कोपऱ्यांवर असतात असे सुचवले. घन मागे पडला, जोडी टिकली. दोन अणूंमधील बंध म्हणजे वाटून घेतलेली एक जोडी, हा या सगळ्याचा गाभा आहे, आणि त्या वेळी इलेक्ट्रॉनचा शोध लागून वीसच वर्षे होत आली होती. इर्विंग लँगम्युअर यांनी १९१९ पासून या कल्पनेचा जोरदार प्रसार केला.

सह्यकडा

चर्चा चांगली चालली आहे, पण सल्फेटविषयी कोणीच बोलले नाही आणि खरा वाद तेथे आहे. सल्फेट आयनात ६, २४ आणि २ मिळून ३२ इलेक्ट्रॉन असतात. चार एकेरी बंध काढले तर सर्वांची अष्टके पूर्ण होतात, परंतु गंधकावर अधिक २ आणि चारही ऑक्सिजनवर उणे १ असा फॉर्मल चार्ज येतो. तो कमी करण्यासाठी बहुतेक पुस्तके दोन दुहेरी बंध काढतात, गंधकाभोवती बारा इलेक्ट्रॉन दाखवतात आणि त्यासाठी गंधकाच्या रिकाम्या डी ऑर्बिटल (इलेक्ट्रॉनांना राहण्याच्या जागांचा एक प्रकार) वापरल्या जातात असे सांगतात. गेल्या काही दशकांतील गणनांनी असे दाखवले आहे की त्या ऑर्बिटलचा बंधातील वाटा फारच किरकोळ असतो. सल्फेटमधील बंध सुमारे १४९ पिकोमीटर, म्हणजे एकेरी बंधापेक्षा आखूड आहेत हे खरे. पण धन गंधक आणि ऋण ऑक्सिजन यांच्यातील आकर्षणानेही बंध आखडतो. माझ्या मते चार एकेरी बंधांची रचना अधिक प्रामाणिक आहे, आणि बारा इलेक्ट्रॉनांची रचना मुलांना सवयीने शिकवणे थांबवायला हवे.

खडूफळा

सह्यकडा, आपले म्हणणे शास्त्रदृष्ट्या मला मान्य आहे, पण वर्गात उभे राहिल्यावर माझी अडचण वेगळी असते. माझ्या मुलांना सीईटी, नीट आणि जेईईच्या प्रश्नांना सामोरे जायचे आहे, आणि तेथे सल्फेटमध्ये दोन दुहेरी बंध गृहीत धरूनच प्रश्न विचारले जातात. म्हणून मी दोन्ही रचना फळ्यावर शेजारी-शेजारी काढते, दोन्हींत ३२ च इलेक्ट्रॉन आहेत हे मोजून दाखवते, आणि परीक्षेत कोणती अपेक्षित आहे ते स्पष्ट सांगते. डी ऑर्बिटलचे स्पष्टीकरण मात्र मी आता देत नाही. गंधक आणि फॉस्फरस आकाराने मोठे असल्यामुळे त्यांच्याभोवती पाच-सहा अणू मावतात, हे फॉस्फरस पेंटाक्लोराइड आणि सल्फर हेक्झाफ्लोराइडसाठी पुरेसे आहे. नायट्रोजनभोवती पाच बंध काढण्याची चूक मात्र कोणत्याही युक्तिवादाने क्षम्य ठरत नाही, आणि नायट्रिक आम्लाच्या उत्तरांत ती सर्रास दिसते.

पाऊलवाट

ऑक्सिजन वायूचा उल्लेखही व्हायला हवा. १२ इलेक्ट्रॉन, दुहेरी बंध, दोन्ही अणूंवर दोन-दोन जोड्या; नियमांना धरून काढलेली निर्दोष रचना, आणि सगळे इलेक्ट्रॉन जोडीने. तरीही द्रवरूप ऑक्सिजन चुंबकाकडे खेचला जातो. जेम्स ड्यूअर यांनी १८९१ मध्ये हे दाखवून दिले होते. याचा अर्थ या रेणूत दोन इलेक्ट्रॉन विजोड आहेत, आणि ठिपक्यांची कोणतीही मांडणी बंधाची लांबी आणि हे चुंबकत्व दोन्ही एकाच वेळी नीट सांगू शकत नाही. त्यासाठी रेण्वीय ऑर्बिटलांकडे, म्हणजे इलेक्ट्रॉन संपूर्ण रेणूभर पसरलेले मानणाऱ्या चित्राकडे, जावे लागते. नायट्रिक ऑक्साइडच्या ११ इलेक्ट्रॉनांचे तसे नाही. तेथे बेरीज विषम येताच एक इलेक्ट्रॉन एकटा राहणार हे पहिल्या ओळीतच कळते. लुईस रचना कोठे थांबते हे विद्यार्थ्याला ठाऊक असले, म्हणजे तिच्या हद्दीत तो ती निर्धास्तपणे वापरू शकतो.

निळीशाई

मॅडम, तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी सायनेट आणि फुल्मिनेट हे दोन आयन सोडवून पाहिले. दोन्हींत कार्बन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन प्रत्येकी एक आणि एक ऋण प्रभार आहे, त्यामुळे दोन्हींचे १६ इलेक्ट्रॉन होतात. सायनेटमध्ये कार्बन मध्ये आहे. ऑक्सिजनशी एकेरी आणि नायट्रोजनशी तिहेरी बंध काढल्यावर ऑक्सिजनवर उणे १ आला, बाकी दोघांवर शून्य. फुल्मिनेटमध्ये नायट्रोजन मध्ये आहे. कार्बनशी तिहेरी आणि ऑक्सिजनशी एकेरी बंध काढल्यावर कार्बनवर उणे १, नायट्रोजनवर अधिक १ आणि ऑक्सिजनवर उणे १ आला. अष्टके दोन्हींत पूर्ण आहेत. फुल्मिनेटची याहून चांगली रचना मला सापडली नाही. ती आहे का?

अणुरेणू

दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, आणि फुल्मिनेटची याहून चांगली रचना नाही. दोन्ही बंध दुहेरी केलेस तर कार्बनवर उणे २ येईल, म्हणजे ती आणखी वाईट. तू निवडलेली जोडी ऐतिहासिक आहे. १८२० च्या दशकात व्होलर यांनी चांदीच्या सायनेटचे आणि लीबिग यांनी चांदीच्या फुल्मिनेटचे पृथक्करण केले, तेव्हा दोन्हींत मूलद्रव्यांचे प्रमाण अगदी सारखेच निघाले. एक शांत पदार्थ, दुसरा हलक्या धक्क्यानेही स्फोट होणारा. त्यामुळे कोणाचे तरी पृथक्करण चुकले असावे असाच संशय आधी घेतला गेला. घटक तेच आणि मांडणी निराळी, या समघटकतेच्या कल्पनेकडे रसायनशास्त्रज्ञ ज्या उदाहरणांमुळे वळले, त्यांतले हे एक प्रमुख उदाहरण आहे.

तुझ्या हिशेबात फुल्मिनेटच्या तिन्ही अणूंवर प्रभार आला आणि तो टाळता येत नाही, हे त्याच्या अस्थिरतेचे एक लक्षण मानायला हरकत नाही. मात्र स्फोटाचे सगळे कारण तेवढेच आहे असे समजू नकोस. फुल्मिनेट फुटते तेव्हा नायट्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड हे दोन अतिशय बळकट बंधांचे रेणू तयार होतात, आणि ऊर्जेचा मोठा भाग तेथून येतो.

उत्तर लिहिताना दोन गोष्टी सांभाळ. पूर्ण आयन चौकटी कंसात घाल आणि एकूण ऋण प्रभार कंसाबाहेर वर लिही. प्रत्येक अणूचा फॉर्मल चार्ज त्या अणूच्या डोक्यावर वेगळा दाखव आणि त्यांची बेरीज उणे १ येते का ते पडताळून पाहा. आता याच पद्धतीने थायोसायनेट सोडव. तेथेही १६ इलेक्ट्रॉन आहेत, पण ऑक्सिजनच्या जागी गंधक असल्यामुळे ऋण प्रभार कोणत्या टोकाला अधिक शोभतो हे पुन्हा ठरवावे लागेल. उत्तर येथेच लिही, म्हणजे सगळ्यांना पाहता येईल.